दहा दिवसांत क्रेट ट्रेनिंग, असं सांगून आमच्या तांबूचं काय केलं

तांबू आमच्या सोसायटीच्या गेटवरचा कुत्रा. दोन वर्षांपूर्वी पावसात पार्किंगमध्ये आला आणि घरचाच झाला. वजन १९ किलो, स्वभाव गरीब, पण ढोल वाजला की त्याचं भान सुटतं. आम्ही कर्वेनगरला राहतो. गणपतीच्या आधी दीड-दोन महिने नदीपात्रात पथकांचा सराव सुरू झाला की संध्याकाळभर तो सोफ्याखाली थरथरत पडलेला असतो. गेल्या वर्षी दार उघडं दिसताच जिन्यावरून पळाला, तो रात्री साडेअकराला वारज्याच्या पुलाजवळ सापडला. म्हणून त्याला स्वतःचा असा एक आडोसा हवा, क्रेट म्हणजे कुत्र्यांसाठीचा तारेचा पिंजरा आणू, असं घरात ठरलं.

फिरायला येणाऱ्या एकांकडून एका ट्रेनरचा नंबर मिळाला. माणूस घरी आला, तांबूला छान कुरवाळलं. म्हणाला, "ताई, इंडी, म्हणजे देशी कुत्री हट्टी असतात. घरी तुमच्याच्यानं होणार नाही. दहा दिवस माझ्याकडे द्या, अकराव्या दिवशी आपणहून क्रेटमध्ये जाऊन झोपेल." क्रेट तोच आणणार होता, ३६ इंची, ८,५०० रुपये. ट्रेनिंगचे १२,०००. सगळे पैसे आधी आणि यूपीआयवर. बिल मागितलं तर "शेवटी एकत्र देतो." भेटायला येऊ का विचारलं तर "मग त्याचं लक्ष उडेल, सगळी मेहनत वाया जाईल." इथेच मी थांबायला हवं होतं.

रोज रात्री व्हिडिओ यायचा. तांबू क्रेटमध्ये शांत पडलेला, अजिबात आवाज नाही. आम्ही तो नातेवाइकांना कौतुकानं दाखवायचो.

अकराव्या दिवशी तांबू घरी आला तो मला ओळखल्यासारखा आलाच नाही. नाकाची साल निघालेली, पुढच्या पंजांची दोन नखं मुळापासून तुटलेली. हात वर केला की खाली बसून लघवी करायचा. डॉक्टरांनी तोंड उघडून पाहिलं तर वरचा डावा सुळा अर्धा तुटला होता. तारा चावून असं होतं, म्हणाले. घाबरलेल्या कुत्र्याला कोंडलं की तो सुटायची धडपड करतो, आणि दाताची नस उघडी पडली की नुसतं औषध देऊन भागत नाही. तो दात काढावा लागला.

क्रेट सोबत परत आला होता. त्यावर ३६ चं स्टिकर. मी टेप लावला तर आतली लांबी ३० इंच. तांबू नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत ३१ इंच भरतो! या मापात साधारण चार इंच मिळवून क्रेट घेतात. कुत्र्याला मान न वाकवता उभं राहता यावं, वळता यावं, पाय ताणून आडवं होता यावं. तांबूला त्यात धड बसताही येत नव्हतं. प्राण्याला पुरेशी हालचाल करता येणार नाही एवढ्या पिंजऱ्यात ठेवणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११ व्या कलमात गुन्हा आहे, हेही मला तेव्हाच कळलं.

मग मी सगळे व्हिडिओ ओळीनं लावून पाहिले. दुसऱ्या दिवशीचा आणि आठव्या दिवशीचा, दोन्हीत फरशीवर एकच निळी बादली, तिच्या कडेवर तसाच लोंबणारा ओला पोचा, खिडकीचं ऊनही त्याच जागी. सगळं एकाच दुपारी काढलेलं. आणि ज्याला आम्ही शांतपणा समजत होतो, ते रडून रडून गप्प झालेलं जनावर होतं. कोंडून ठेवलं की कुत्रा थकून कधीतरी गप्प होतोच. तो शिकला असं त्यावरून समजू नका.

खरं शिकवणं फार संथ असतं आणि ते घरीच होतं. दार उघडं ठेवून जेवणाचं भांडं आधी क्रेटच्या बाहेर, मग उंबऱ्याशी, मग आत. तो आपणहून आत बसायला लागला की दार दोन सेकंद लावायचं आणि तो कुरकुरायच्या आत उघडायचं. पुढे मिनिटं, मग तास. आत सोडताना गळ्यातला पट्टा काढायचा, तो तारेत अडकून फास बसू शकतो. शिक्षा म्हणून क्रेट कधीच नाही. पिल्लाला तर लघवी फार वेळ धरताच येत नाही, त्याला तासन्‌तास कोंडणं हा छळ आहे. आणि एकटं राहिलं की ज्यांना धडकी भरते, अशा काही कुत्र्यांना क्रेट सोसतच नाही. तांबूसाठी आता जेवणाच्या टेबलाखाली आईची जुनी गोधडी आहे, तीन बाजूंनी चादर सोडलेली. तिथे तो जातो.

पैसे मागितले तेव्हा ट्रेनर म्हणाला, "तुमचा कुत्राच बिघडलेला होता." मग फोन उचलणं बंद. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली आहे. टेप लावलेल्या क्रेटचे फोटो, डॉक्टरांचे कागद, यूपीआयच्या नोंदी जोडल्या. बिल असतं तर काम सोपं झालं असतं.

गेल्या आठवड्यात एका मैत्रिणीनं जाहिरातीचा एक व्हिडिओ पाठवला. नंबर नवा आहे. फरशी तीच, निळी बादली तीच, आणि क्रेटमध्ये एक लॅब्रडॉरचं पिल्लू, अगदी गप्प.