रस्टमध्ये सी लायब्ररी: बाइंडजेनसोबतचे आठ महिने

लिबपीएनजी ही पीएनजी चित्रं वाचणारी-लिहिणारी सी लायब्ररी रस्ट या भाषेतल्या प्रकल्पात हवी होती, म्हणून बाइंडजेन हे साधन घेतलं. आठ महिने झाले, रोजच्या बिल्डमध्ये आहे. सीचं हेडर (फंक्शन्स आणि टाइप्सची यादी असलेली फाइल) वाचून रस्टची डिक्लरेशन्स तयार करायची एवढंच त्याचं काम, आणि ते चोख करतं. तरी पहिले काही आठवडे एररशी झटण्यातच गेले. त्यातले बहुतेक एरर बाइंडजेनचे नव्हतेच, पण हे कळायलाच मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

सुरुवातीचा एरर सगळ्यांनाच येतो: लिबक्लँग सापडत नाही. बाइंडजेन हेडर वाचायला क्लँग या सी कंपायलरचा पार्सर (लिबक्लँग) वापरतं, त्यामुळे मशीनवर नुसतं जीसीसी हा दुसरा कंपायलर असून भागत नाही. पॅकेज टाकलं की सुटतं. दुसरा एरर लिंकरचा, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे आणि लायब्रऱ्या जोडणाऱ्या प्रोग्रॅमचा, ‘लायब्ररी सापडत नाही’ म्हणणारा. फाइल तर डोळ्यांसमोर असते, पण तिच्या नावापुढे आवृत्तीचा आकडा असतो. आकडा नसलेलं नाव, जे लिंकर शोधतो, ते डेबियनसारख्या लिनक्सवर ‘डेव्ह’ पॅकेजमधून येतं. हे दोन्ही दहा मिनिटांचे प्रश्न.

खरी परीक्षा झाली ती एआरएम बोर्डावर, म्हणजे वेगळ्या जातीच्या प्रोसेसरवर. माझ्या एक्स86 मशीनवर बिल्ड निर्धोक होत होता, तिकडे तोच कोड दोन वेगवेगळ्या कारणांनी पडला.

पहिलं कारण कॅरॅक्टरचं. सीमधला साधा ‘कॅर’ एक्स86 लिनक्सवर चिन्हासह (ऋण आकडेही चालणारा, रस्टमधला ‘आय8’) असतो, एआरएम लिनक्सवर चिन्हाविना (‘यू8’). बाइंडजेनने त्यासाठी ‘सी_कॅर’ हा टाइप बरोबर दिला होता. मीच घाईत काही ठिकाणी थेट ‘आय8’ लिहून ठेवलं होतं. कंपायलर सांगत होता, ‘यू8’ चा पॉइंटर हवा, ‘आय8’ चा मिळाला. कास्ट करून गप्प बसवता आलं असतं, पण मी सगळीकडे ‘सी_कॅर’ केलं आणि तो एरर पुन्हा आला नाही.

दुसऱ्या कारणाने दोन दिवस खाल्ले. लिबपीएनजी स्वतः झेडलिब या डेटा दाबणाऱ्या-उलगडणाऱ्या लायब्ररीच्या जोरावर चालते. मी दोन्ही स्टॅटिक जोडत होतो (म्हणजे त्यांचा कोड थेट माझ्या प्रोग्रॅममध्येच), थेट बायनरीच्या बिल्ड स्क्रिप्टमधून, आणि झेडलिब आधी लिहिली होती. एरर आला: ‘इन्फ्लेट’ हे फंक्शन अनडिफाइन्ड. फाइलीतल्या फंक्शनांची नावं दाखवणारी एनएम ही कमांड मी दोन्ही फाइलींवर चालवली. लिबपीएनजीत ‘इन्फ्लेट’समोर यू, म्हणजे हवं आहे. झेडलिबमध्ये टी, म्हणजे इथे आहे. मग अडतंय कुठे? क्रमात. ग्नूचा जुना लिंकर डावीकडून उजवीकडे एकदाच जातो. झेडलिबपाशी पोहोचला तेव्हा तिच्याकडचं काही कोणी मागितलंच नव्हतं, म्हणून तो तिला सोडून पुढे गेला. मागणारी लिबपीएनजी नंतर आली. दोन ओळींची अदलाबदल केली आणि बिल्ड पार पडला. एक्स86वर मात्र रस्ट 1.90 (सप्टेंबर 2025) पासून 64 बिट लिनक्ससाठी एलएलडी हा डीफॉल्ट लिंकर आहे आणि तो क्रमाच्या बाबतीत सैल आहे, म्हणून माझी चूक तिथे झाकली गेली होती. आता क्रम मी हाताने लिहीतच नाही, पीकेजी-कॉन्फिग या लायब्रऱ्यांची माहिती देणाऱ्या साधनाकडून घेतो. लिबपीएनजीमागून झेडलिब हे त्याला माहीत असतं.

एक मर्यादा मात्र मनापासून सांगतो. फंक्शनसारखे वापरायचे मॅक्रो (कंपाइल होण्याआधी कोडात बदलून टाकले जाणारे सीचे तुकडे) बाइंडजेन उतरवत नाही. लिबपीएनजीत चूक झाली की ‘सेटजंप’ने आधी खूण केलेल्या जागी ‘लाँगजंप’ने थेट उडी मारून बाहेर पडायची पद्धत आहे आणि तिचं प्रवेशद्वार एक मॅक्रोच आहे. रस्टमधून सेटजंप करू नये, अर्धवट चाललेल्या रस्ट फंक्शनांच्या फ्रेम्सवरून लाँगजंपने उडी मारणंही धोक्याचं. मी ऐंशीएक ओळींची छोटी सी फाइल लिहिली, उडी तिच्या आतच ठेवली आणि बाहेर फक्त एक आकडा परत दिला. ती फाइल ‘सीसी’ हे क्रेट (रस्टचं पॅकेज) बिल्डच्या वेळी कंपाइल करतं. बाइंडजेन आता मूळ हेडर वाचत नाही, या सी फाइलचं हेडर वाचतं. तयार होणारी फाइल हजारो ओळींवरून दोनेकशे ओळींवर आली, आणि काही बिघडलं तर ती मी स्वतः वाचू शकतो.

दोन-चार फंक्शन्सच हवी असतील तर हाताने लिहा, लिबक्लँगची कटकट कशाला. मोठं हेडर असेल, आणि आवृत्तीगणिक बदलणारे स्ट्रक्चर असतील, तर बाइंडजेन घ्याच. हाताने लिहिलेल्या स्ट्रक्चरमध्ये एक फील्ड राहिलं तर बिल्ड पास होतो आणि मेमरी बिघडते. बाइंडजेनच्या फाइलमध्ये आकार आणि ऑफसेटच्या (प्रत्येक फील्डच्या जागेच्या) तपासण्या सोबतच येतात.