कोबे की योकोहामा?

मामेबहिणीचा प्रश्न: जपानच्या सहलीत एक दिवस मोकळा आहे, कोणतं बंदर पाहू?

प्रवासखर्चात फारसा फरक नाही. योकोहामा टोकियोहून लोकलने अर्ध्या तासावर, कोबे ओसाकाहून त्याहून जरा जवळ.

पाहण्यात माझं मत कोबेला. स्टेशनमागेच डोंगर, शिन-कोबेहून नुनोबिकी धबधबा चालत गाठता येतो. मेरिकेन पार्कात 1995 च्या भूकंपात फुटलेला बंदराचा धक्का तसाच ठेवलाय. पाण्यात कललेले दिव्याचे खांब पाहून बोलणंच थांबतं. योकोहामाचा समुद्रकाठ ऐसपैस, पण सपाट, चकचकीत.

खाण्यात गंमत आहे. कोबेचं नाव गोमांसावर चालतं. ते खायचं असेल तर दुपारी जा, रात्रीपेक्षा बरंच स्वस्त पडतं. खात नसाल तर कितानो भागात भारतीय हॉटेलं आहेत, जैन मंदिरही. योकोहामात जपानातलं सर्वांत मोठं चायनाटाऊन: वाफाळते बाव (सारण भरलेले मऊ पाव) हातात घेऊन भटकायचं. शाकाहाऱ्यांनी मात्र आत काय भरलंय ते आधी विचारावं.

खरेदी? योकोहामाची लाल विटांची जुनी गोदामं भेटवस्तूंसाठी छान, पण महाग. कोबेतला मोतोमाचीचा बाजार छपराखाली, पावसातही निवांत.

मुलं सोबत असतील तर योकोहामा. कप नूडल्स म्युझियममध्ये ती स्वतःचा कप रंगवतात. दोघंच असाल, चालायची हौस असेल, तर कोबे.