रेझ्युमे तपासायला दिला आणि 7,433 रुपये गेले

भोसरीतल्या एका कारखान्याच्या अकाउंट्समध्ये मी सहा वर्षं बिलं तपासली. त्याच मला एका खोट्या बिलाने गंडवलं, हे लिहिताना लाज वाटते. तरी लिहितेय, कारण परवा आमच्या सोसायटीतल्या एका मुलीला अगदी तसाच फोन आला आणि ती पैसे भरायच्या बेतात होती.

मुलगा झाल्यावर ऑगस्ट 2021 मध्ये मी नोकरी सोडली. आता तो शाळेत जायला लागला म्हणून जुना रेझ्युमे काढला, वर थोडी डागडुजी केली आणि नोकरीच्या एका साइटवर टाकला. दुसऱ्याच दिवशी फोन. बाई गोड बोलणारी, अर्धं हिंदी, अर्धं मराठी. "मॅम, तुमचं प्रोफाइल एका मोठ्या कंपनीने शॉर्टलिस्ट केलंय. पण रेझ्युमेचा एटीएस स्कोअर 38 आहे, कंपनीला 80 लागतो. ग्रामरच्या चुका आहेत, आणि ती गॅपही दिसते."

गॅप म्हटलं आणि मी गारच पडले. तीन वर्षांच्या वर घरी बसलेल्या बाईला हा शब्द कुठे लागतो ते त्यांना बरोबर ठाऊक असतं.

एटीएस म्हणजे कंपन्या आलेले अर्ज साठवायला आणि चाळायला वापरतात ती सॉफ्टवेअर्स. प्रत्येक कंपनीचं वेगळं, त्यात काय शोधायचं तेही पदाप्रमाणे वेगळं. सगळीकडे चालेल असा शंभरपैकी एकच आकडा नसतोच, मग तो फोनवरच्या तिसऱ्याच माणसाला कुठून कळणार? हे मी नंतर शोधलं. त्या वेळी मला 38 म्हणजे नापास, एवढंच दिसलं.

प्रूफरीडिंगचे 1,499, वर 18 टक्के जीएसटी, एकूण 1,769. बिल आलं, क्यूआर आला. स्कॅन केल्यावर कंपनीऐवजी कुणा बाप्याचं नाव आलं. विचारलं तर म्हणाली, "ते आमच्या अकाउंट्स हेडचं आहे." मी भरले.

दोन दिवसांनी 'दुरुस्त' रेझ्युमे आला. निळ्या पट्ट्या, छान फॉन्ट, डाव्या कोपऱ्यात माझा फोटो. पाठोपाठ दुसरा फोन: आता कागदपत्रांची पडताळणी, 4,800 रुपये अनामत, जॉइन झाल्यावर परत, अधिक जीएसटी 864. पॅन आणि आधारच्या प्रतीही पाठवा. तेही केलं. तिसऱ्या फोनला इंटरव्ह्यूच्या स्लॉटचे 8,500 मागितले, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. मी म्हटलं, आधी अनामत परत करा. त्यानंतर तो नंबर लागला नाही.

माझे सासरे एका दैनिकात तीस वर्षं मुद्रितशोधक होते. रेझ्युमे करत होते तेव्हा ते म्हणाले होते, "अगं, मला दाखव एकदा." आणि मी म्हटलं होतं, "अहो बाबा, हे वेगळं असतं, इंग्रजी असतं." आता त्यांच्यापुढे तो निळ्या पट्ट्यांचा कागद आणि दोन्ही बिलं ठेवायची वेळ आली.

ते मला एक शब्द बोलले नाहीत. लाल पेन्सिल काढली, ओळीखाली पट्टी ठेवली आणि खालून वर वाचायला लागले. मजकूर नेहमीच्या क्रमाने वाचला की डोकं पुढचा शब्द स्वतःच भरतं, चूक दिसत नाही. उलटं गेलं की प्रत्येक शब्द सुटा होऊन समोर येतो. मग मला म्हणाले, "तू आकडे मोठ्याने वाच, मी कागदावर बघतो." छापखान्यात हे काम कॉपी होल्डर करायचा. मी माझा मोबाइल नंबर म्हणून दाखवला. "थांब. इथे 47 नाही, 74 आहे." तो रेझ्युमे मी तोवर चार कंपन्यांना पाठवून बसले होते! फोन कोणाचा येणार होता?

मग त्यांनी एका शब्दाला गोल केला. अकाउंट्स मॅनेजरच्या हाताखाली काम केलं, असं लिहिलेलं. "एम, ए, एन, जी, ई, आर. मधला ए गळलाय. याचा अर्थ गव्हाण होतो. तू सहा वर्षं गव्हाणीच्या हाताखाली होतीस का?" ही चूक मात्र माझ्याच मूळ कागदात होती. गव्हाण हाही खरा इंग्रजी शब्द, म्हणून कॉम्प्युटरने खाली लाल रेघ मारली नाही. आणि 1,499 घेणाऱ्यांनी तो कागद वाचलाच नव्हता, याचा दुसरा पुरावा नको.

सगळ्यात वाईट गोष्ट तारखांत होती. गॅप झाकण्यासाठी त्यांनी माझी नोकरी 2021 ऐवजी 2024 पर्यंत ताणली होती. मला न विचारता. नोकरी देणारे पीएफच्या नोंदीवरून जुन्या नोकऱ्यांच्या तारखा पडताळतात. यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा कायमचा क्रमांक, टाकला की कुठे कधी होतात ते निघतं. गॅपने कदाचित नोकरी गेली नसती, खोट्या तारखेने नक्की गेली असती. त्याच रात्री चारही कंपन्यांना खरा रेझ्युमे आणि दोन ओळींची माफी पाठवली.

बिलं मी स्वतः तपासली, उशिरा. जीएसटी क्रमांक 15 अक्षरांचा असतो: आधी राज्याचे दोन आकडे, मग दहा अक्षरी पॅन, मग तीन. यांचा 14 अक्षरांचा. सुरुवात 27, म्हणजे महाराष्ट्र. पत्ता नोएडाचा, तिथे 09 हवं. नोएडाहून पुण्याला सेवा दिली तर आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा जीएसटी लागायला हवा, यांनी एकाच राज्यातल्या व्यवहाराला लागतात ते सीजीएसटी आणि एसजीएसटी नऊ-नऊ टक्के लावलेले. आणि परत मिळणाऱ्या अनामतीवर जीएसटी लागतच नाही! ऑफिसात असं बिल कुणी आणलं असतं तर मी ते टेबलावरून परत सरकवलं असतं. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर लॉगिन न करताही कुठलाही क्रमांक तपासता येतो, एक मिनिट लागतं. ते एक मिनिट मी दिलं नाही.

1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन केला तो शेवटच्या व्यवहाराच्या तिसऱ्या दिवशी. पलीकडच्याने बँक, रक्कम, वेळ आणि यूपीआयचा बारा आकडी व्यवहार क्रमांक विचारला. तो अ‍ॅपमध्ये त्या पेमेंटच्या तपशिलात असतो, फोन लावायच्या आधी लिहून ठेवा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत तक्रार गेली तर थांबवता येतात. मी लाजेपायी दोन दिवस घरात कुणाला सांगितलंच नाही, त्यातच ती वेळ गेली. सायबर क्राइमच्या पोर्टलवर स्क्रीनशॉटसकट तक्रार नोंदवली आहे. पैसे आलेले नाहीत.

पैशांपेक्षा पॅन-आधारची धास्ती जास्त आहे. आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं. माझ्या नावावर कुणी कर्ज उचललंय का ते बघायला क्रेडिट रिपोर्ट काढला. प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून, म्हणजे लोकांच्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या कंपनीकडून, तो वर्षातून एकदा फुकट मिळतो. अजून तरी काही नाही.

नवा रेझ्युमे बाबांनी दोनदा वाचलाय. गॅप सरळ लिहिली आहे: ऑगस्ट 2021 पासून, मुलाच्या संगोपनासाठी. हा कागद अजून कुठल्याही साइटवर टाकलेला नाही, फक्त दोन कंपन्यांना थेट मेल केलाय.

गेल्या मंगळवारी वेगळ्या नंबरवरून फोन आला, आवाज पुरुषाचा. म्हणाला, "मॅम, तुमचा रेझ्युमे शॉर्टलिस्ट झालाय, पण स्कोअर 38 आहे." मी विचारलं, "कुठल्या रेझ्युमेचा?" जरा वेळ मागे दुसऱ्या कुणाचंतरी तेच बोलणं ऐकू येत राहिलं, मग फोन कट.