घरगुती इन्व्हर्टर: ४०४७ की ईजीएस००२?

इन्व्हर्टर घरी बनवायला दोन वाटा: चौकोनी वेव्ह देणारी सीडी४०४७ चिप किंवा साइन वेव्हचा ईजीएस००२ ड्रायव्हर बोर्ड. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर दोन्हींचं सामान मिळतं. सीडी४०४७ ला ०.१ मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर, ३९ केचा (किलोओहम) रेझिस्टर आणि वर सिरीजमध्ये १० केचा प्रीसेट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) लावला की ५० हर्ट्झ जमतात. पुढे दोन आयआरएफझेड४४एन मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच), १२-०-१२ ट्रान्सफॉर्मर (मधल्या टॅपच्या दोन्ही बाजूंना १२ व्होल्ट). लोडवर व्होल्टेज पडतं म्हणून ९-०-९ चा मोह होतो, तो टाळा. त्याने बिनलोड आउटपुट ३०० व्होल्टपर्यंत चढतं, कोर (लोखंडी गाभा) सॅच्युरेट होऊन, म्हणजे चुंबकत्वाची मर्यादा गाठून, तापतो. चौकोनी वेव्हवर मोबाइल चार्जर चालतो, पंखा गुरगुरतो. कपॅसिटर ड्रॉपरचे (कपॅसिटरनेच करंट मर्यादित करणारे) स्वस्त एलईडी दिवे तर जळूही शकतात.

ईजीएस००२ वर पंखा गप्प फिरतो. पण चार मॉसफेट, एलसी फिल्टर (कॉइल आणि कपॅसिटरचा) आणि ६-७ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर हवा, कारण १२ व्होल्टच्या बॅटरीतून साइनला जेमतेम ८ व्होल्ट आरएमएस (परिणामी व्होल्टेज) मिळतात. डेड टाइम (एक मॉसफेट बंद होऊन दुसरा चालू होण्यामधला अवकाश) अपुरा पडला की एका बाजूचे दोन्ही मॉसफेट एकदम चालू, बॅटरी शॉर्ट!

बॅटरीच्या पॉझिटिव्हला फ्यूज दोन्हीत लावा. आउटपुट भिंतीतल्या सॉकेटला कधीच जोडू नका.