मस्कारी, सिला की स्नोड्रॉप?

मस्कारी, सिला, स्नोड्रॉप असे वसंतात फुलणारे छोटे कंद एकदा लावले की आपोआप वाढत जातात, म्हणून लोक ते आणतात. काही वर्षांनी त्याच कारणासाठी उपटायला बसतात. तेव्हा फुलाचा रंग मागाहून बघा, आधी ते पसरतं कसं ते बघा. (थंडीत जमीन तीनेक महिने गारठत नसेल, तर प्रश्नच मिटला, फुलं धड येणारच नाहीत.)

मस्कारीचा जोर पिल्लांवर. गड्डा उकरलात की मोठ्या कंदांना चिकटलेली गव्हाच्या दाण्याएवढी पिल्लं दिसतात आणि हात लागताच सुटून मातीत पडतात. खुरपीने काढायला जावं तर आपणच पेरणी करून येतो! शिवाय पानं शरदातच वर येतात आणि फुलं धरेपर्यंत लोळून पडलेली असतात. नाजूक रोपांच्या वाफ्यात मी ती लावणार नाही. कुंडीत खुशाल लावा.

सायबेरियन सिला पसरते बियांनी. बीला चिकटलेल्या तेलकट खाऊसाठी मुंग्या ती ओढून नेतात, त्यामुळे पुढच्या खेपेला ती कुठे उगवेल याचा नेम नाही. पहिल्या वर्षीचं रोप म्हणजे गवताचं एक पातं. ओळखूही येत नाही. तरीही पानझडी झाडाखालच्या लॉनसाठी माझं मत सिलालाच. उंची जेमतेम 10 ते 15 सेंमी, आणि झाडाची सावली दाट होईपर्यंत हिचं काम उरकलेलं असतं. अट एकच: फुलं गेल्यावर पानं पिवळी पडेपर्यंत, म्हणजे साधारण 6 आठवडे, लॉन कापायचं नाही. ते जमणार नसेल, किंवा कुंपणापलीकडे रान असेल, तर सिला नको. उत्तर अमेरिकेत काही ठिकाणी ती बागेतून रानात घुसली आहे.

स्नोड्रॉप सगळ्यात शहाणं. हळूहळू दाटतं, हाताबाहेर जात नाही. फक्त सुकलेले कंद बऱ्याचदा दगा देतात. फुलं ओसरताच हिरव्या पानांसकट गड्डा फोडून लावलेला बरा. कंद विषारी असतात, घरात उकरणारा कुत्रा असेल तर जपून.

स्पॅनिश ब्लूबेल हे असंच आणखी एक कंदाचं फूल, ते कुणी फुकट दिलं तरी घेऊ नका. कंद खोल जातात, आणि ब्रिटनमध्ये तिथल्या देशी ब्लूबेलशी त्याचा संकर होतो आहे.

काही काढायचंच ठरलं, तर पानं हिरवी असताना मातीच्या ढेकळासकट उचला, आणि ते ढेकूळ कंपोस्टमध्ये टाकू नका.