दीनदयाळ कार्ड: पैशाची नाही, कागदांची अडचण

सरकारी इस्पितळात बिल किती येईल, याची धास्ती गोंयकाराला सहसा नसते. त्याला धाकधूक असते ती काउंटरवर कार्ड चालेल की नाही याची. म्हणून हे परीक्षण इस्पितळाचे नाही, गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या 'दीनदयाळ कार्डा'चे.

2016 साली आलेल्या या योजनेत गोव्यात पाच वर्षे वास्तव्य असलेले कुटुंब बसते. तीन माणसांपर्यंत वर्षाला अडीच लाखांचे विमाकवच, चार किंवा जास्त असतील तर चार लाखांचे. नोंदणीला अनुक्रमे 200 आणि 300 रुपये. एवढ्या पैशात कुठली विमा कंपनी दारात तरी उभी करील? योजना म्हणून तिला पैकीच्या पैकी गुण. गुण कापले जातात ते वापरताना, आणि त्यातला निम्मा दोष आपलाच.

पहिला गैरसमज: कार्ड दाखवले की सगळे फुकट. ही योजना ठरलेल्या उपचारांच्या पॅकेजवर चालते. डॉक्टर निदानाप्रमाणे पॅकेज निवडतात, रिपोर्टांसह प्रस्ताव ऑनलाइन जातो, मंजुरी येते, मग ऑपरेशन. बाहेरच्या बाहेर केलेल्या तपासण्या, औषधांच्या दुकानातली बिले, तापासाठी खाजगी इस्पितळात दोन दिवस लावलेले सलाईन हे यादीत नसेल तर खिशातूनच जाते. योजनेखालच्या खाजगी इस्पितळात दाखल होतानाच विचारा: पॅकेजमध्ये इम्प्लांट (शरीरात बसवायचा कृत्रिम भाग) कुठला, खोली कुठली, जेवण धरले आहे का? वेगळे पैसे मागितले तर पावतीशिवाय देऊ नका.

दुसरी गोष्ट, रक्कम माणशी नसून सगळ्या कुटुंबाची मिळून असते. समजा पाच जणांच्या घरात मे महिन्यात आजोबांच्या हृदयावर 1,60,000 खर्ची पडले, तर त्या वर्षी उरलेल्या चौघांना आणि आजोबांनाही मिळून 2,40,000 शिल्लक. डिस्चार्जच्या वेळी किती वळते झाले ते विचारून घ्या. हे फार कमी लोक करतात.

आता खरी डोकेदुखी, नावांची. पोर्तुगीज वळणाच्या जन्मदाखल्यावर नाईक 'क्यू'ने लिहिलेला असतो, आधारवर तोच 'के'ने. शेट एका कागदावर 'एस'ने सुरू होतो, दुसऱ्यावर 'एक्स'ने. संगणकाला ही दोन वेगळी माणसे वाटतात. वडील एका स्पेलिंगचे आणि मुलगा दुसऱ्या स्पेलिंगचा, अशी घरे कमी नाहीत. ही दुरुस्ती आजारी माणूस खाटेवर असताना होत नाही. घरात सगळे धडधाकट असताना रेशनकार्ड, आधार आणि दीनदयाळ कार्ड शेजारी शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा.

तशीच अडचण लग्न होऊन आलेल्या सुनेची. सावंतवाडी किंवा कारवारकडची मुलगी, आधारवर माहेरचा पत्ता, कार्डात नाव घातलेले नाही. गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या सरकारी इस्पितळात, 1 जानेवारी 2018 पासून बिगरगोमंतकीय रुग्णांना शुल्क लागू झाले, त्यामुळे आता वास्तव्याचा पुरावा ही औपचारिकता उरलेली नाही. लग्नाच्या दाखल्याबरोबरच पत्ताबदल उरकून टाकावा. बाळंतपण मात्र वेगळे. 2011 पासूनच्या जननी शिशू सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी इस्पितळात प्रसूती, सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त आणि जेवण (साध्या प्रसूतीला तीन, सिझेरियनला सात दिवस) मोफत आहे. तिथे पैसे मागितले तर नियम दाखवायला हरकत नाही.

मेडिक्लेम ही राज्याची दुसरी योजना, आणि लोक दोन्हींची सरमिसळ करतात. गोमेकॉत जो उपचार होत नाही त्यासाठी ती आहे. लागणारे कागद म्हणजे गोमेकॉची शिफारस आणि मामलेदाराकडचे उत्पन्न व वास्तव्याचे दाखले, अर्ज पणजीत कांपालच्या आरोग्य संचालनालयात. क्रम महत्त्वाचा: आधी मंजुरीचे पत्र, मग बाहेरचे इस्पितळ. बेळगावला ऑपरेशन आटोपून बिलांची पिशवी घेऊन कांपालला गेलात, तर काम भलतेच अवघड.

रस्त्यावरच्या अपघाताला आणखी एक आधार आहे. मे 2025 मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्राच्या योजनेत जखमीला अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाखांपर्यंतचे रोकडरहित उपचार मिळतात. पोलिसांकडे नोंद मात्र लगेच झाली पाहिजे.

कार्डाला पाचपैकी चार गुण देईन. एक कापला तो नूतनीकरणाचा. तारीख उलटल्याचे बहुतेकांना दाखल होताना कळते, आणि तोवर शनिवारची दुपार झालेली असते. कार्डाचा मोबाइलवर फोटो ठेवा, आणि त्याच्या शेजारी मुदतीची तारीख कॅलेंडरमध्ये टाका, महिनाभर आधीची.