८५ चाचण्या, आणि हवी ती नाहीच

दिवाळीनंतर मला दोन जिने चढले तरी दम लागायला लागला. न्हाणीच्या जाळीत केसांचा गुंता, आणि दुपारी शाळेत वह्या तपासताना डोळे मिटायचे. वय ४४, त्यामुळे जो तो "या वयात व्हायचंच" म्हणून मोकळा. जाऊबाईंनी मोबाइलवर घरबसल्या रक्ततपासणीचं पॅकेज दाखवलं: ८५ चाचण्या, १,४९९ रुपये. केलं बुक.

रक्त घ्यायला आलेल्या मुलाला पाचपैकी पाच. साडेसहा म्हणजे साडेसहाला दारात. माझी शीर कुणाला पटकन सापडत नाही, याला पहिल्याच टोचणीत सापडली. नवी सुई माझ्यासमोर फोडली, ट्यूबवरचं नाव मला वाचायला लावलं.

पॅकेजला मात्र दोनच तारे. रिपोर्ट संध्याकाळी आला, १९ पानी. त्या ८५ चा हिशेब बघा: एकट्या सीबीसीतलेच, म्हणजे रक्तपेशींच्या एकाच तपासणीतले, वीसेक आकडे वेगवेगळे मोजलेले. कोलेस्टेरॉलचे नुसते भागाकार, त्याही 'चाचण्या'. युरिया आणि बीयूएन दोन्ही, म्हणजे एकच गोष्ट दोनदा. आणि शरीरातला लोहाचा साठा सांगणारं फेरिटिन? नाही.

नऊ आकडे लाल. रात्री दोनपर्यंत एकेक शोधत बसले आणि पहाटेपर्यंत मला चार-पाच आजार झालेले होते. सकाळी कंपनीच्या बाईंचा फोन, "मॅडम, तुमचा थायरॉइड गडबडलाय, आमचं पुढचं पॅकेज घ्या." थायरॉइडचा आकडा, टीएसएच, ०.१ म्हणजे फारच कमी आला होता खरा.

आमच्या डॉक्टरबाईंनी रिपोर्ट बाजूला ठेवून आधी मलाच विचारलं. पाळी किती दिवस? जेवणावर लगेच चहा? केसांसाठी काही घेता का? घेत होते, बायोटिनची १० मिलिग्रॅमची गोळी, दोन महिने. काही यंत्रांवर त्याने टीएसएच खोटाच कमी दिसतो म्हणे. बुकिंग करताना हे कुणीच विचारलं नव्हतं, फॉर्ममध्ये तशी जागाही नव्हती. लाल आकड्यांचं त्या म्हणाल्या, नॉर्मलची रेघ साधारण ९५ टक्के निरोगी माणसं आत बसतील अशी आखतात, मग इतके आकडे मोजल्यावर धडधाकट माणसाचेही दोन-चार बाहेर पडणारच.

गोळी तीन दिवस बंद ठेवून कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये परत रक्त दिलं. टीएसएच २.३, अगदी व्यवस्थित. फेरिटिन मात्र ६, म्हणजे लोहाचा साठा जवळजवळ संपलेला. हिमोग्लोबिन ११.२ होतं, ते त्या १९ पानांतही होतं की! पण शेजारी फक्त "किंचित कमी" लिहिलेलं, म्हणून मीही पान उलटलं होतं.

आता लोहाच्या गोळ्या चालू आहेत, चहा जेवणानंतर दीड-दोन तासांनी. पाळीत इतकं रक्त का जातंय त्यासाठी येत्या गुरुवारी सोनोग्राफी. कंपनीच्या बाईंचे फोन अजून येतात.